‘ऱ्य’, ‘ॲ’, ‘₹’, ‘°’ टाईप होत नाहीत? कुठून तपासायला सुरुवात करायची

आमच्याकडे ग्रामपंचायतीचा ऑपरेटर असो, शाळेतले बाबू असोत, की बाजाराच्या दिवशी सातबाऱ्यासाठी रांग लागलेलं सेवा केंद्र असो, तक्रारीचा सूर एकच असतो: “भाऊ, काल येत होतं, आज काहून येत नाई?” वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्यांचा, कुऱ्हा, कऱ्हाळे... आपल्या भागातल्या अर्ध्याअधिक अर्जांत ही वेलांटीसारखी वळलेली ‘ऱ्’ लागतेच. बिघाड बहुतेक वेळा कीबोर्डाचा नसतो आणि खर्चही लागत नाही. मात्र तपासणी क्रमाने करावी लागते. नाहीतर नवा कीबोर्ड घेतला जातो, विंडोज नव्याने टाकलं जातं आणि चार दिवसांनी तीच अडचण पुन्हा येते.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

• ‘शेतकऱ्यांना’ लिहायला जावं तर ‘शेतकर्यांना’ होतं, रफार डोक्यावर चढतो.
• ‘ॲड.’च्या जागी ‘ऍड.’ येतं, किंवा अक्षराशेजारी ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं.
• ₹ येतच नाही, किंवा त्या जागी रिकामी चौकट येते.
• ईमेल लिहिताना @ दाबलं की अवतरण चिन्ह येतं, आणि अवतरण चिन्ह दाबलं की @.
• अवतरण चिन्ह दाबल्यावर काहीच उमटत नाही. पुढचं इंग्रजी अक्षर दाबलं की त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ घेऊनच ते येतं.
• आल्ट धरून अंक दाबले तर ÷ येत नाही, उलट ब्राउझर मागच्या पानावर जातो आणि भरलेला फॉर्म पुसला जातो.
• मोबाईल नंबरच्या रकान्यात देवनागरी अंक पडतात आणि फॉर्म ते घेत नाही.
• पडद्यावर सगळं बरोबर दिसतं, पण यादीत नाव शोधलं की सापडत नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात घातक आहे. बाकीच्या ठिकाणी चूक डोळ्याला दिसते, इथे दिसत नाही. अक्षर बरोबर दिसणं आणि ते संगणकात बरोबर साठवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून काहीतरी जुगाड करून अक्षर पडद्यावर उमटवलं म्हणजे काम झालं, असं मी धरत नाही.

पहिली तपासणी: आत्ता कोणता कीबोर्ड चालू आहे?

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी भाषेची खूण असते. विंडोजचं बटण दाबून धरा आणि स्पेस एकदा दाबा. मशीनवर असलेल्या सगळ्या भाषांची आणि कीबोर्डांची यादी वर येते. त्यात दोनच गोष्टी हव्यात: इंग्रजी (भारत) आणि मराठी. भाषेच्या नावाखाली बारीक अक्षरात कीबोर्डचं नाव असतं, तेही वाचा. खरी गडबड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

हे आधी पाहायचं कारण असं, की कीबोर्डच्या बटणावर काय छापलंय याच्याशी संगणकाला काही देणंघेणं नसतं. कोणतं बटण दाबलं तर कोणतं अक्षर द्यायचं, हे आत निवडलेला आराखडा ठरवतो. @ आणि अवतरण चिन्ह यांची अदलाबदल झाली असेल तर तिथे इंग्लंडचा कीबोर्ड निवडलेला आहे, हे न पाहताही सांगता येतं. अवतरण चिन्ह अडकून बसत असेल आणि पुढच्या अक्षरावर तिरपी रेघ येत असेल तर ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ चालू आहे. फ्रेंच किंवा स्पॅनिश लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी तो तसाच बनवलेला आहे, त्यामुळे त्याला बिघाड म्हणता येत नाही. आणि ₹ येत नसेल तर साधा अमेरिकी कीबोर्ड निवडलेला असतो, कारण त्यात ₹ नाहीच. इंग्रजी (भारत) निवडा, स्पेसच्या उजवीकडचं आल्ट धरा आणि वरच्या ओळीतला ४ दाबा, ₹ आलं पाहिजे. याच कीबोर्डात उजवं आल्ट धरून ए दाबलं तर डोक्यावर आडवी रेघ असलेला रोमन ए येतो. संस्कृत किंवा मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणाऱ्या शिक्षकांच्या तो कामी येतो.

देवनागरी अंकांची अडचणही इथेच सुटते. मराठी चालू असताना वरच्या ओळीतून १, २, ३ असे देवनागरी अंक येतात, आणि बरेच फॉर्म मोबाईल, आधार, खाते क्रमांक यांत इंग्रजी अंकच घेतात. रकान्यात शिरण्याआधी विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला, एवढंच.

दुसरी तपासणी: पडद्यावरचा कीबोर्ड उघडा

विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं. भाषा मराठी ठेवून त्यातलं शिफ्ट माऊसने दाबलं की सगळी अक्षरं बदलून दिसतात आणि कोणतं अक्षर कुठे लपलंय ते समोर येतं. मशीन दुरुस्त करायला गेलो की मी हेच लवकरात लवकर उघडतो. छापील तक्त्यापेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण हा तुमच्याच मशीनचा आराखडा असतो.

इथे आणखी एक निकाल लागतो. पडद्यावरच्या कीबोर्डवर माऊसने दाबून अक्षर येतं, पण हातातल्या कीबोर्डवरून येत नाही, तर दोष बटणात आहे. उन्हाळ्यातली धूळ आणि जिनिंगच्या हंगामात उडणारी कापसाची रुई बटणांखाली जाऊन बसते. मशीन बंद करून कीबोर्ड उलटा करा, हलकं ठोका, मऊ ब्रशने साफ करा. मग दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहा. तरीही नाही जमलं तर शेजारच्या मशीनचा कीबोर्ड पाच मिनिटं लावून बघा आणि मगच नव्याचे पैसे मोजा.

शिफ्ट पाचदा लागोपाठ दाबलं गेलं तर ‘स्टिकी कीज’ चालू करू का, अशी विचारणा येते. घाईत तिला होकार दिला जातो, आणि मग एकदा दाबलेलं शिफ्ट पुढच्या अक्षरालाही लागू राहतं. मशीन ‘भलतंच लिहितंय’ असं वाटलं तर सेटिंगमध्ये हे बंद आहे ना, पाहून घ्या.

तिसरी तपासणी: नम लॉक आणि आल्टचे अंक

° साठी आल्ट धरून ०१७६, ½ साठी ०१८९, ¼ साठी ०१८८, × साठी ०२१५, ÷ साठी ०२४७, ± साठी ०१७७. हे अंक कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकांच्या चौकोनातूनच द्यायचे. वरच्या ओळीतून दिले तर काहीच होत नाही. सुरुवातीचं शून्य सोडायचं नाही, कारण शून्याशिवाय तो आकडा दुसऱ्याच जुन्या तक्त्यातला धरला जातो आणि भलतं चिन्ह येतं. हे करताना भाषा इंग्रजी ठेवा.

नम लॉकचा दिवा बंद असेल तर त्याच अंकांचे बाण होतात. ४ म्हणजे डावा बाण, आणि आल्टबरोबर डावा बाण म्हणजे ब्राउझरला ‘मागे जा’ असा हुकूम. अर्धा भरलेला अर्ज जातो तो असा. लाईट गेली आणि मशीन पुन्हा चालू झालं की बऱ्याच मशीनवर नम लॉक बंद अवस्थेत येतं. ‘काल येत होतं, आज येत नाही’ याचं हे एक नेहमीचं कारण. लॅपटॉपला अंकांचा चौकोनच नसेल तर आल्टच्या मागे लागू नका. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजचं बटण धरून पूर्णविराम दाबा, चिन्हांची पेटी उघडते, तिथून घ्या.

इंग्रजी नावातलं तिरप्या रेघेचं अक्षर क्वचितच लागतं, एखाद्याच्या पासपोर्टच्या किंवा परदेशी कंपनीच्या नावात. वर्डमध्ये कंट्रोल धरून एकेरी अवतरण चिन्ह दाबा, दोन्ही सोडा, मग ई दाबा. झालं.

चौथी तपासणी: ‘ऱ्’ नेमकी कोणत्या बटणाने लिहिता?

या तपासणीवर जास्तीत जास्त वेळ द्या.

सरकारमान्य इनस्क्रिप्ट कीबोर्डात साधा ‘र’ जे या बटणावर आहे, आणि शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ येतो, खाली नुक्ता म्हणजे ठिपका असलेला. मग डी दाबून हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) द्यायचा, मग य किंवा ह. ‘वऱ्हाड’ लिहून पाहा: बी, शिफ्टसह जे, डी, यू, ई, आणि शेवटी उघडणाऱ्या चौकोनी कंसाचं बटण.

इथे नवे ऑपरेटर हमखास अडखळतात. शिफ्ट आणि जे दाबल्यावर क्षणभर नुक्तेवाला ‘ऱ’ दिसतो. त्यांना वाटतं चुकलं, आणि ते बॅकस्पेस मारून साधा ‘र’ घेतात. तसं करू नका. तो नुक्ता राहू द्या. हलन्त दिला आणि पुढचं व्यंजन आलं की नुक्ता जातो आणि ‘ऱ्ह’ नीट बसतो. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ लिहिलात तर संगणक ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतला रफारच देणार, कारण त्याला तुम्ही तेच सांगितलं आहे.

टायपिंग इन्स्टिट्यूटमधून रेमिंग्टन शिकून आलेल्यांची अडचण निराळी असते. त्यांच्या हाताला पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची सवय असते. इनस्क्रिप्टमध्ये आधी व्यंजन, मग मात्रा. उलटा क्रम झाला की ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ म्हणजे मात्रेला बसायला अक्षर मिळालं नाही, एवढीच सूचना. मागे जा, क्रम सुधारा.

उच्चारावरून मराठी देणारी साधनं वापरत असाल तर पहिला पर्याय डोळे झाकून घेऊ नका. ‘शेतकऱ्यांना’साठी रफाराचा पर्याय वर असू शकतो.

‘ॲ’चं काय? मराठीत तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात, आणि २००९च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत जागा मिळाली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीत, मात्र हा स्वतंत्र ‘ॲ’ २००८ साली आला. हिंदीचा ‘ऍ’ त्याच्या कितीतरी आधीपासून होता. म्हणून काही मशीनवर शिफ्ट आणि १ दाबलं की ‘ॲ’ येतो, काहींवर ‘ऍ’. तुमच्याकडे काय येतं ते पडद्यावरच्या कीबोर्डवर पाहा. येत नसेल तर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९७२ लिहा आणि लगेच आल्ट व एक्स एकत्र दाबा, आकड्याच्या जागी ‘ॲ’ उभा राहतो. ‘ऱ’साठी ०९३१. ₹ साठी २०, मग बी, मग ९. लिबर ऑफिसमध्येही हीच युक्ती चालते. ‘अ’ लिहून वर वेगळा चंद्र चढवू नका. एका मशीनवर तो ‘ॲ’सारखा दिसतो, दुसऱ्यावर त्याचे दोन तुकडे होतात.

रोज लागणारी चिन्हं वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये बसवून ठेवा. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट या वाटेने गेलात की ‘या जागी ते’ असे दोन रकाने मिळतात. एका रकान्यात कंसातला ‘रु’, दुसऱ्यात ₹. ग्रामपंचायतीच्या दाखल्यांचं काम यामुळे बरंच हलकं होतं.

पाचवी तपासणी: तक्रार परत परत का येते?

सगळं जुळवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलं, तर कारण बहुधा या दोघांपैकी एक. एक, डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की विंडोज गुपचूप भाषा बदलतं. घाईत टाईप करणाऱ्याच्या हातून हे सहज होतं. दुसरं, एकाच भाषेखाली दोन कीबोर्ड असतील तर कंट्रोल आणि शिफ्टने त्यांची अदलाबदल होते.

सेटिंगमध्ये ‘टाईम अँड लँग्वेज’, मग ‘टायपिंग’, मग ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडा. विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे वाट थोडी इकडेतिकडे असते. तिथे भाषेच्या हॉट की ‘नॉट असाइन्ड’ करा. विंडोज आणि स्पेस तेवढे पुरेत. तिथेच ‘प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. जिथे एका खिडकीत वर्ड आणि दुसरीत पोर्टल उघडं असतं, तिथे मी तो बंद ठेवतो, म्हणजे कोपऱ्यातली खूण सगळीकडे एकच राहते. मग भाषेच्या यादीत जाऊन इंग्लंडचा, अमेरिकी, इंटरनॅशनल, जे जे नको ते काढून टाका. यादीत नसलेला कीबोर्ड चुकूनही चालू होत नाही.

सहावी तपासणी: चौकटी आणि जुने फॉन्ट

अक्षराच्या जागी रिकामी चौकट म्हणजे अक्षर साठलं आहे, फॉन्टमध्ये त्याचा आकार नाही. पुन्हा टाईप करू नका. मजकूर निवडून फॉन्ट निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी करून पाहा. ₹ ला मान्यता २०१० साली मिळाली, त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये ते असणार तरी कसं? ‘ॲ’चीही तीच गत. जुन्या शाळांच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ असलेली मशीन आहेत, तिथे ₹ साठी वेगळं अपडेट लागतं.

कृतीदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांची गोष्ट याहून वाईट. त्यांत मराठी साठतच नाही. आत इंग्रजी अक्षरं साठतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल गेली की मुखवटा उतरतो आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पोर्टलच्या रकान्यात असला मजकूर चिकटवून कधीच भागत नाही. फ्लेक्सवाल्याला पेजमेकरसाठी तो फॉन्ट लागत असेल तर लागो, अर्ज, दाखले आणि याद्या युनिकोडमध्येच ठेवा. जुना मजकूर परिवर्तकातून (कन्व्हर्टर) काढला तरी ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरं एकेक करून डोळ्याखालून घाला. परिवर्तक नेमका तिथेच घसरतो.

सातवी तपासणी: दिसतं, पण सापडत नाही

‘कऱ्हाळे’ शोधलं. यादीत पाच घरं आहेत हे गावाला ठाऊक, पण संगणक तीनच दाखवतो. बाकी दोन नावं पडद्यावर अगदी तशीच दिसतात.

असं होतं, कारण ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी साठू शकतो. एक सरळ: नुक्तेवाला ‘ऱ’, हलन्त, ‘ह’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘ह’. डोळ्याला फरक नाही, पण आतले आकडे वेगळे, म्हणून शोध जुळत नाही.

ओळखायला फक्त बॅकस्पेस लागतो. नावाची एक प्रत कोऱ्या पानावर चिकटवा, कर्सर ‘ऱ्ह’च्या लगेच पुढे येईल असं बघा आणि सावकाश एकेकदा बॅकस्पेस मारा. ‘ह’ जातो. आणखी एकदा मारल्यावर नुक्तेवाला ‘ऱ’ उरला तर नाव नीट साठलेलं आहे. साधा ‘र’ हलन्तासकट उरला आणि तो हलन्त काढायला पुन्हा एकदा मारावं लागलं, तर आत अदृश्य चिन्ह आहे.

दुरुस्ती करण्याआधी मूळ फाईलची प्रत वेगळ्या पेन ड्राईव्हवर ठेवा. मग चुकीचं रूप यादीतूनच उचलून ‘शोधा’च्या रकान्यात चिकटवा, ‘बदला’मध्ये शिफ्ट आणि जे वापरून नव्याने लिहिलेलं रूप द्या. सगळं एकदम न बदलता आधी दोन-चार नावं बदला, तपासा, मग पुढे जा. ‘सूर्यवंशी’, ‘आचार्य’ यांच्यातला रफार खराच रफार आहे, त्याला हात लागता कामा नये.

कुठे थांबायचं

लॅपटॉपच्या कीबोर्डवर चहा किंवा पाणी सांडलं असेल तर वरचं काहीही करू नका. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि तसंच दुरुस्तीवाल्याकडे न्या. सुकवून पुन्हा चालू करून बघण्याच्या नादात मदरबोर्ड जातो, आणि तो कीबोर्डपेक्षा कितीतरी महाग पडतो. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बदलायचा असेल तेव्हाही स्क्रू स्वतः खोलू नका.

कार्यालयाच्या मशीनवर भाषा टाकताना पासवर्ड मागितला तर तो ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलवा. इंटरनेटवरून ‘सगळे मराठी फॉन्ट फुकट’ असली गाठोडी उतरवून बसवू नका. त्यांतून व्हायरस आलेली मशीन मी साफ केली आहेत, आणि दरवेळी कुणाचे तरी कागद कायमचे गेलेले असतात. हजारो नावांची जुनी यादी युनिकोडमध्ये आणायची असेल तर ते काम जाणकाराला पैसे देऊन करून घ्या.

आणि नाव सातबाऱ्यावरच चुकीचं असेल तर कीबोर्डचा तिथे काही इलाज नाही. पीडीएफमध्ये अक्षर बदलून छापणं हा गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतात. त्यासाठी तलाठ्याला भेटून तहसीलदारांच्या नावे अर्ज द्यायचा, सोबत जुना उतारा किंवा फेरफार जोडायचा. अर्जात बरोबर नाव मात्र शिफ्ट आणि जे वापरूनच लिहा, म्हणजे तिथला ऑपरेटर ते थेट उचलू शकेल.